चौथी तबकडी

घरांतील वस्तूंच्या मरणाच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. मातीचा घडा फुटतो तो आवाज करून, आणि फुटल्याचें सगळ्या घराला कळतें. धोतर महिनोगणती विरत जातें व त्याचें पायपुसणें झालें म्हणजे मग तें गेल्याची जाणीव होते. भिंतीवरचें घड्याळ बंद पडण्यापूर्वीं चार दिवस मागें पडूं लागतें. जातें, पाटा, वरवंटा यांना तर मरणच नसतें. त्यांच्या नशिबीं नुसता माळ्यावरचा वनवास. संगणकाच्या तबकडीचें मरण यांपैकीं कोणत्याहि तऱ्हेंत बसत नाहीं. संध्याकाळीं ती मिनिटाला ५४०० फेरे घेत असते, प्रकृति कशी काय म्हणून विचारलें तर 'उत्तम' असें उत्तर येतें, आणि त्याच रात्रीं ती जाते. गूगलच्या संशोधकांनीं लाखावर तबकड्यांचा अभ्यास करून २००७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांवर भरंवसा ठेवावा अशीं बिघाडाचीं चार मुख्य लक्षणें मानलीं आहेत, त्यांपैकीं एकहि लक्षण निम्म्याहून अधिक नादुरुस्त तबकड्यांनीं दाखविलें नव्हतें, असें त्यांस आढळलें. वैद्यानें नाडी पाहून 'चिंता नको' म्हणावें, आणि तो जिना उतरतो न उतरतो तोंच वर रडारड सुरू व्हावी, असा हा प्रकार आहे.

आमच्या घरीं असें मरण २०२४ सालच्या जुलैच्या २३ तारखेस, मंगळवारीं रात्रीं घडलें. तें कोठें घडलें हें समजण्यासाठीं आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळलें पाहिजे. कपाटाच्या सर्वांत खालच्या खणांत, शब्दकोशांच्या शेजारीं, एक काळी पेटी कांहीं वर्षांपासून नांदत आहे. मोठ्या पानाच्या डब्याहून ती फारशी मोठी नाहीं. बाजारांत तिला 'नॅस' म्हणतात. इंटरनेटच्या राउटरला ती तारेनें जोडलेली असते, आणि घरांतील कोणीहि आपल्या फोनवरून वा संगणकावरून तींत हवें तें ठेवावें व हवें तेव्हां काढावें, अशी तिची योजना. जुन्या वाड्यांतल्या सामाईक कोठीची ही धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं, आणि सामाईक कोठीचे सर्व दोष हिच्यांतहि आहेत. कोणीं काय ठेवलें याचा पत्ता लागत नाहीं, ठेवलेलें कोणी काढीत नाहीं, आणि जागा पुरत नाहीं अशी तक्रार मात्र सर्वजण करतात.

पेटींत चार कप्पे आहेत व प्रत्येक कप्प्यांत चार टेराबाइटची एक हार्ड डिस्क. या डिस्कला आम्ही तबकडी म्हणतों तें ग्रामोफोनच्या ओळखीमुळें. पण साम्य गोलाईपुरतेंच आहे. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकून चालते. येथें वाचणारें डोकें तबकडीवरून अधांतरीं तरंगत जातें, आणि मधलें अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी असतें. इतक्या जवळून, वर्षानुवर्षें, एकदांहि न टेकतां जावयाचें! तबकड्या बिघडतात याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. इतके दिवस चालतात याचें वाटतें. अशी पहिली तबकडी आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तिच्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास थाळ्या होत्या, सगळ्या यंत्राचें वजन टनाच्या वर होतें, आणि तींत पन्नास लाख अक्षरें मावत. हल्लीं फोनवर काढलेल्या एका छायाचित्राला तेवढी जागा लागते, आणि तें छायाचित्र बहुधा जेवणाच्या ताटाचें असतें.

चार तबकड्या एकत्र बांधण्यामागें एक युक्ति आहे, व ती युक्ति आम्हांस यंत्राहूनहि अधिक आवडते. बर्कले येथील विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एक भली मोठी व महागडी तबकडी घेण्यापेक्षां अनेक लहान व स्वस्त तबकड्या घ्याव्या. त्यांपैकीं एखादी जाणारच असें धरून चालावें. आणि तिच्याजवळचा मजकूर उरलेल्यांतून पुन्हा उभा करतां येईल अशी तजवीज आधींच करून ठेवावी, असें त्यांचें म्हणणें. या व्यवस्थेला 'रेड' असें नांव पडलें. त्या नांवांतील एका अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढें तो बदलून 'स्वतंत्र' असा करण्यांत आला. आपल्या मालाला आपणच स्वस्त म्हणणें व्यापाऱ्यांस जड गेलें असावें.

तजवीज अशी. तिघां भावांजवळ सात, पांच आणि नऊ रुपये आहेत, आणि चौथ्याच्या वहींत नुसती बेरीज मांडली आहे, एकवीस. उद्यां मधल्या भावाची वही जळली, तरी एकविसांतून सात व नऊ वजा करून त्याचे पांच रुपये कोणालाहि सांगतां येतात. पेटींतला हिशेब असाच चालतो. तेथें आकडे शून्य आणि एक हे दोनच असल्यामुळें बेरजेऐवजीं 'सम' कीं 'विषम' एवढें टिपून ठेवलें म्हणजे भागतें, आणि हें टिपण ठेवण्याचें काम एकीवरच न टाकतां चौघी तबकड्या पाळीपाळीनें करतात. त्यापायीं एका तबकडीएवढी जागा खर्चीं पडते; सोळा टेराबाइट विकत घ्यावयाचे आणि बारा वापरावयाचे. 

या प्रकाराचा विचार करतांना आम्हांस वेदपाठी ब्राह्मणांची आठवण होते. संहिता सरळ म्हणून ते थांबत नसत. जटापाठांत पहिला शब्द व दुसरा, मग दुसरा व पहिला, पुन्हा पहिला व दुसरा, असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणावयाचे; घनपाठांत तीन तीन शब्दांचे असेच पेड वळावयाचे. अर्थांत यानें तिळभरहि भर पडत नाहीं. परंतु एखादा शब्द गळला किंवा बदलला तर शेजारच्या शब्दांची वीण बिघडते आणि चूक तेथल्या तेथें उघडी पडते. हें आम्ही एकदां आमच्या भाच्याजवळ बोललों. तो बंगळूरला संगणकाच्याच व्यवसायांत आहे. तो विनयानें म्हणाला, "मामा, तुलना छान आहे, पण घनपाठी दर पांच वर्षांनीं बदलावा लागत नाहीं."

तर त्या मंगळवारीं रात्रीं साडेअकराच्या सुमारास घरांत एकसारखी शिट्टी ऐकूं येऊं लागली. प्रथम ज्याला त्याला ती दुसऱ्याच्या फोनची वाटली. शोध घेतां घेतां आम्ही कपाटापाशीं आलों, तेव्हां चौथ्या कप्प्यावरचा हिरवा दिवा नारिंगी झालेला दिसला. संगणकावर पाहतां चौथ्या तबकडीपुढें 'निकामी' असा शेरा होता. पेटी मात्र चालूच होती. छायाचित्रें उघडत होतीं, गाणीं वाजत होतीं. चिरंजीवांचा चित्रपट तर मध्यें थांबलाहि नव्हता. फरक इतकाच कीं आतां बेरजेची सोय संपली होती. आणखी एक तबकडी गेली असती, तर उरलेल्या आकड्यांवरून गेलेले आकडे काढणें कोणाहि गणितज्ञाच्या हातचें नव्हतें. आणि या चारहि तबकड्या पेटीबरोबरच २०१८ सालीं घरांत आलेल्या, वयानें सारख्या, श्रमानें सारख्या. एकीचें मरण ही अशा वेळीं बाकीच्या तिघींविषयींचीहि बातमी असते.

पेटींत काय काय होतें हें येथें सांगणें प्राप्त आहे. सर्वांत मोठा भाग चिरंजीवांच्या चित्रपटांचा. त्या खालोखाल एका पुतणीच्या लग्नाचीं चित्रणें. तीन छायाचित्रकारांनीं तीं तीन बाजूंनीं घेतलेलीं आहेत. मग साठ हजारांच्या घरांत छायाचित्रें, घराचीं कागदपत्रें, जुनीं पत्रें. या सर्वांची एक प्रत आम्ही वर्षांतून दोनदां, दिवाळींत आणि पाडव्याला, वेगळ्या डिस्कवर घेतों आणि ती पुण्यास आमच्या ताईकडे ठेवतों. तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, व एक तरी परगांवीं असावी, असा पीटर क्रोग या छायाचित्रकारानें रूढ केलेला एक नियम आहे. त्यांतला परगांवचा भाग आम्हीं असा पाळला होता. 'रेड' म्हणजे प्रत नव्हे, हें तर या विषयांतलें पहिलें सूत्र होय. घराला आग लागली किंवा चुकीचें बटण दाबलें गेलें, तर चारहि तबकड्या एकाच वेळीं सारख्याच इमानानें जातात.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवसापर्यंतचें सर्व पुण्यास सुरक्षित होतें. त्यानंतर पेटींत जें आलें त्यांत एकच गोष्ट अशी होती कीं जिच्यासाठीं आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

आमचे वडील अण्णा आज चौऱ्यायशींचे आहेत असें त्या वर्षीं सांगत असूं. आमचें मूळ घर पुण्यास नारायण पेठेंत होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांबरोबर आमचें घर पाण्याखालीं गेलें. माणसें वांचलीं. जिन्याखालीं आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती, ती गेली. अण्णा तेव्हां एकवीस वर्षांचे होते. ट्रंकेंत आजोबांच्या वह्या होत्या, नातलगांचीं पत्रें होतीं, मोडींत लिहिलेली एक वंशावळ होती, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों; परंतु 'ट्रंकेंत होतें' हें वाक्य आमच्या घरीं कोणतीहि चर्चा संपविण्यासाठीं वापरीत, आणि त्यापुढें कोणी जात नसे. त्या वर्षीं पाडव्यानंतर अण्णांनीं काय मनांत आणलें कोण जाणे, रोज सकाळीं चहा झाला कीं ते त्या ट्रंकेंतली एक एक वस्तु आठवून सांगूं लागले. पत्र कोणाचें, कोठून आलेलें, मजकूर काय, अक्षर कसें, कागद कोणत्या रंगाचा. अडलें कीं साताऱ्याच्या आमच्या आत्यांना फोन लावीत, आणि मग त्या भावाबहिणींची अशी कांहीं हुज्जत जुंपे कीं एका तारखेपायीं सकाळ जाई. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अशा सव्वीस बैठकी झाल्या. ध्वनिमुद्रणाचें एक लहानसें यंत्र आम्ही समोर ठेवीत असूं, आणि रोजची बैठक रोज पेटींत उतरवून यंत्र दुसऱ्या दिवसासाठीं मोकळें करीत असूं.

ज्येष्ठांत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वैद्यकीय उपायांनीं पुढें 'हो' आणि 'नाहीं' हे दोन शब्द परत आले.

सव्वीस बैठकी मिळून सतरा तास भरतात. पेटीच्या मापानें तें जेमतेम एक गिगाबाइट, म्हणजे बारा हजार भागांतला एक.

भाच्याला रात्रीं बाराला उठविलें. त्यानें पहिली आज्ञा केली ती तबकडीला हात न लावण्याची. "ज्याची दुसरी प्रत नाहीं तें आधीं बाहेर काढ, मामा. बाकीचें मग बघूं. तीन तबकड्या आतां चौघींचं काम करताहेत, त्यांना उगीच दमवूं नकोस." घरांत चौसष्ट गिगाबाइटचा एक पेन-ड्राइव्ह होता. अण्णांचा आवाज प्रथम जाणार याविषयीं वाद नव्हता, आणि त्याला पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. उरलेल्या जागेंत काय घ्यावें यावर मात्र मध्यरात्रीं सभा भरली. सौ.नें आपल्या आईच्या पाककृतींच्या वहीचीं छायाचित्रें मागितलीं. तीं पुण्याच्या प्रतींत आहेत असें सांगितल्यावर 'असूं देत, इथंहि असूं देत' असें म्हणाली. चिरंजीवांनीं मित्रांबरोबरच्या राजगडच्या सहलीचीं चित्रें घेतलीं. आपला एकहि चित्रपट त्यांनीं मागितला नाहीं, याची आम्हीं मनांत नोंद केली. लग्नाचीं चित्रणें कोणालाच आठवलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं ज्या पुतणीचें लग्न तिला फोनवर विचारलें, तेव्हां 'तीं अजून आहेत?' असा तिचा प्रश्न आला. सगळें आटोपलें तेव्हां पेन-ड्राइव्हवर निम्मी जागा शिल्लक होती.

नुसती प्रत झाली एवढ्यावर विसंबूं नये, उघडून ऐकावी, अशी भाच्याची ताकीद होती. म्हणून बुधवारीं सकाळीं आम्ही मधून मधून एक एक बैठक लावून ऐकत होतों. नववी बैठक वह्यांविषयींची आहे. तींत अण्णांचा आवाज म्हणतो कीं आजोबांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या होत्या, व पहिलींत १९४२ सालच्या गोष्टी होत्या. इतक्यांत पलीकडच्या खोलींतून दुसरा आवाज आला, "नाहीं."

आम्ही आंत गेलों. अण्णा जागे होते, आणि डाव्या हातानें अंथरुणावर थापटीत होते. आम्हीं तो भाग पुन्हा लावला. त्याच जागीं ते पुन्हा म्हणाले, "नाहीं." तीन नव्हत्या? निळ्या नव्हत्या? साल चुकलें? प्रत्येक प्रश्नाला त्यांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि उत्तर द्यावयाच्या आधींच त्यांचे डोळे भरून आले. सौ.नें आम्हांस बाहेर बोलावलें व विचारणें थांबविलें. तबकडीवरचें अक्षर न् अक्षर जसेंच्या तसें उरलें होतें, एक टिंबहि हरवलें नव्हतें, आणि ज्याचा तो आवाज तो स्वतःच त्यांतलें कांहीं तरी खोडून काढावयास सांगत होता.

त्याच दुपारीं आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलों. त्या रस्त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें पालटून पुष्कळ वर्षें झालीं, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर तें नांव उच्चारून कोणी तुम्हांस संगणकाचें दुकान दाखवील अशी खात्री देतां येत नाहीं. पावसानें रस्ता भरला होता. दुकानदारानें चार टेराबाइटचें नांव काढतांच एक डबा पुढें केला. "काका, हा घ्या, याहून स्वस्त कुठें मिळणार नाहीं." भाच्यानें जो प्रकार टाळावयास सांगितला होता तोच हा निघाला. याला आम्ही कौलारू तबकडी म्हणतों. हिच्यावरच्या रेघा एकमेकींवर थोड्या थोड्या चढवून, छपरावर कौलें घालतात तशा, लिहिलेल्या असतात, त्यामुळें तेवढ्याच जागेंत मजकूर अधिक मावतो. वाचण्यास अडचण नाहीं. परंतु मधलें एक कौल बदलावयाचें झालें कीं त्यापुढचीं कौलें उचलून पुन्हा बसवावीं लागतात. एकदां भरून ठेवून देण्यास ही ठीक आहे. मेलेल्या तबकडीच्या जागीं बसून तासचे तास अखंड लिहावयाची वेळ आली कीं ही मागें पडते, आणि कधीं कधीं पेटी कंटाळून हिलाहि निकामी ठरवते. २०२० सालीं यावरून मोठा बोभाटा झाला. अशा पेट्यांसाठीं म्हणून विकलेल्या कांहीं तबकड्याहि ग्राहकांस न सांगतां कौलारू केलेल्या होत्या, हें तेव्हां उघडकीस आलें, आणि कोणती तबकडी कोणत्या प्रकारची याच्या याद्या उत्पादकांस जाहीर कराव्या लागल्या. दुकानदाराला आम्हीं ती यादी दाखविली. तो रागावला नाहीं. उलट 'काकांना माहिती आहे' असें शेजारच्या पोऱ्याला सांगून त्यानें आंतून दुसरा डबा आणविला. किंमत अर्थातच वाढली.

रात्रीं दहा वाजतां भाचा फोनच्या पडद्यावर हजर झाला. अशा पेटींतली तबकडी पेटी चालू ठेवूनच बदलतां येते, आणि यांतच धोका आहे. चारहि कप्पे दिसावयास सारखे. निकामी सोडून भलतीच तबकडी बाहेर ओढली, तर चांगल्या तीनच्या दोन होतात आणि सगळा खेळ तेथें संपतो. म्हणून आधीं पडद्यावरून मेलेल्या तबकडीचा क्रमांक उतरून घेतला, तो सौ.नें मोठ्यानें वाचला, चिरंजीवांनीं दुसऱ्यांदा वाचला, आणि नारिंगी दिवा कोणत्या कप्प्यावर आहे तें तिघांनीं बोट ठेवून पाहिलें. मग आम्हीं चौथा कप्पा ओढला. तबकडीच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक होता. ती हातांत घेतली तेव्हां अजून कोमट होती. चार स्क्रू काढून चार लावले, नवी तबकडी सरकवली, 'खट्' असा आवाज झाला, आणि दिवा लुकलुकूं लागला. पडद्यावर अक्षरें उमटलीं: शून्य टक्के.

यापुढें मनुष्यानें करावयाचें कांहीं नसतें. तीन तबकड्या पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचावयाच्या, प्रत्येक ठिकाणीं वजाबाकी करावयाची आणि उत्तर चौथीवर लिहावयाचें. सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगानें चार टेराबाइट लिहिण्यास अकरा तास लागतात. आमच्या पेटीनें तेरा घेतले. या तबकड्यांच्या माहितीपत्रकांत एक कलम पुष्कळदां आढळतें: वाचलेल्या दर १० चा १४ वा घात इतक्या टिंबांमागें एखादें टिंब वाचतां न येण्याचा संभव आहे. कोटीला कोटीनें गुणलें म्हणजे ही संख्या होते, आणि ऐकावयास ती फार दिलासा देणारी आहे. पण तिचे टेराबाइट केले तर साडेबारा भरतात, आणि आम्हांस त्या रात्रीं बारा वाचावयाचे होते. प्रत्यक्षांत तबकड्या पत्रकापेक्षां पुष्कळ चांगल्या वागतात असें भाच्यानें सांगितलें. तें त्यानें रात्रीं एक वाजतां, आम्हीं हा गुणाकार करून त्याला पुन्हा उठविल्यावर सांगितलें.

गुरुवारीं, २५ तारखेस, पहांटे उठलों तेव्हां साठ टक्के झाले होते आणि बाहेर पावसाचा आवाज एवढा होता कीं पेटीचा आवाज ऐकूं येत नव्हता. अण्णांच्या खोलींत दूरदर्शन लावला, तर पुण्याचीं चित्रें. खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरींत शिरलें होतें, आणि लोकांना होड्यांतून बाहेर काढीत होते. आमची ताई त्याच भागांत राहते. आमची पुण्याची प्रत तिच्याच कपाटांत. आम्ही दूरदर्शन बंद करूं लागलों, तेव्हां अण्णा स्पष्ट म्हणाले, "नाहीं." म्हणून तो चालू ठेवला, आणि त्रेसष्ट वर्षांनीं त्याच मुठेचें पाणी त्यांनीं पडून पडून पाहिलें. ताईचा फोन लागेना. बंगळूरहून भाचाहि तिला फोन करीत होता, आणि आतां आमच्या टक्क्यांविषयीं त्यानें विचारलें नाहीं, आम्हींहि सांगितलें नाहीं. जुन्या पोथ्या उतरविणारे लेखक शेवटीं प्रार्थना लिहीत कीं पोथीला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून राखा. बाकीच्या भयांचें काय व्हावयाचें तें होवो. त्यांतलें पाणी अद्याप जागेवर आहे.

सव्वाअकराला चौथा दिवा हिरवा झाला. घरांत कोणीं त्याचा आनंद केला नाहीं. ताईचा फोन आला तो दिवेलागणीला. वीज नव्हती, शेजाऱ्याच्या गाडींत तिनें फोन भारला होता. "खालीं पार्किंगमध्यें पुरुषभर पाणी होतं, स्कूटर गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हांला काय धाड भरलीय! आणि तुझी ती डिस्क कपाटाच्या वरच्या खणांत आहे, तेंहि विचारून टाक म्हणजे झालं." आम्हीं तें विचारलेंच नव्हतें. तिनें मग अण्णांच्या बैठकी पाठवावयास सांगितल्या. सव्वीसहि त्याच रात्रीं तिच्याकडे व भाच्याकडे गेल्या.

साताऱ्याच्या आत्यांना आम्हीं वह्यांविषयीं विचारलें. त्यांचें वय एकोणऐंशी. क्षणभरहि न थांबतां त्या म्हणाल्या, "चार होत्या. चौथी बाबांनीं आईला वाचायला दिली नव्हती, म्हणून ती अण्णा मोजीत नसे." हें आम्हीं अण्णांना सांगितलें, "वह्या चार होत्या?" अण्णा म्हणाले, "हो." परंतु संध्याकाळच्या वेळीं ते पुष्कळ गोष्टींना 'हो' म्हणतात. दूध घेतलें का, हो. दिवा मालवूं का, हो. ताई येणार आहे, हो. तेव्हां नवव्या बैठकीच्या शेजारीं आम्हीं एक टिपण करून ठेवलें आहे: २४ जुलै, या जागीं अण्णा दोनदां 'नाहीं' म्हणाले, २५ जुलै, आत्यांच्या मतें वह्या चार, अण्णा 'हो' म्हणाले, वेळ संध्याकाळची.

मेलेल्या तबकडीला भंगारवाला घेण्यास तयार होता, पण तिच्यावर आमच्या घरच्या हिशेबाचे तुकडे असल्यानें ती तशीच देऊं नये असें भाच्याचें मत पडलें. चिरंजीवांनीं चांदणीच्या आकाराचा एक लहान स्क्रू-ड्रायव्हर मिळवून ती उघडली. आंत थाळ्या आरशासारख्या लख्ख होत्या आणि त्यांवर कांहीं लिहिलें आहे असें कोणासहि वाटलें नसतें. त्यांनीं थाळ्यांवर ओरखडे काढले, आणि डोक्याला हलविणाऱ्या भागांतला लोहचुंबक काढून फ्रिजच्या दारावर लावला. त्याखालीं आतां दुधाचा हिशेब असतो. चुंबक एवढा जबर आहे कीं महिनाअखेरीस कागद काढतांना त्याचा कोपरा फाटतो.